परसातलं खोटं वेखंड

गेल्या श्रावणात वहिनी दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेराहून आली आणि दुसऱ्याच दिवशी आज्जीने माझ्या हातात खुरपं दिलं. "भितीकडंला येखंड हाय बघ. त्येची येक कांडी काढून आन. दुकानातलं नको, त्यात किडं आस्त्यात." सहाण धुऊन उन्हात ठेवलेली होती. हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, सुंठ, खारीक सगळं एका वाटीत. फक्त वेखंड ताजं हवं होतं.

मी खुरपं मातीत घातलं आणि थांबले. रोपाला फूल आलं होतं. सहा पाकळ्यांचं, नारिंगी, वर लाल ठिपके, चित्त्याच्या कातड्यासारखं. हे फूल मी लहानपणापासून दर पावसाळ्यात बघत आले आहे, पण ते वेखंडाचं फूल आहे की नाही असा प्रश्न कधी पडला नव्हता. त्या दिवशी पडला, कारण महिनाभरापूर्वीच वेखंडाचं फूल फोटोत पाहिलं होतं. ते फुलासारखं दिसतच नाही. पानांतून बाजूला एक हिरवट पिवळं बोट निघतं, कणसाच्या पिल्लासारखं. त्याला ना पाकळी, ना रंग.

मोबाइलवर फोटो काढून झाड ओळखणाऱ्या ॲपला विचारलं. उत्तर आलं, 'आयरिस डोमेस्टिका'. या ॲपने पूर्वी एकदा आमच्या अंबाडीला गांजा ठरवलं होतं, त्यामुळे मी लगेच विश्वास ठेवला नाही. पान तोडून चुरगाळलं. वेखंडाच्या पानाला कांडीसारखाच उग्र, गोडसर वास येतो. या पानाला गवताचा वास आला. मग पान उजेडात धरलं. वेखंडाच्या पानाला एक ठळक शीर असते आणि ती मध्यावरून थोडी सरकलेली असते. इथे तशी शीरच नव्हती. पानं एका पातळीत, जपानी पंख्यासारखी उलगडलेली. मी कांडी न काढता घरात गेले.

"आज्जी, ते वेखंड नाही."

"चाळीस वर्सं येखंड हाय, आन् आज न्हाय?"

पुढचे दोन महिने मी या वाक्याच्या मागे होते. हा लेख त्यातून झाला.

*

आधी माझा गुन्हा कबूल करते. मला आयरिस नावाचं फूल आवडायचं ते परदेशी चित्रांमुळे. व्हॅन गॉगने १८८९ मध्ये सां-रेमीच्या रुग्णालयाच्या बागेत रंगवलेल्या निळ्या आयरिस आपण सगळ्यांनीच कुणाच्या ना कुणाच्या मोबाइल कव्हरवर पाहिल्या आहेत. तशी निळी, दाढीवाली आयरिस आमच्या परसात लावायची म्हणून मी तीनदा ऑनलाइन कंद मागवले. पहिलं पार्सल पिनकोडच्या घोळात बुलढाण्याच्या मलकापूरला जाऊन आलं. (आमचं मलकापूर कऱ्हाडला चिकटलेलं, महामार्गावरचं. बुलढाण्याचं रेल्वेवरचं. आणि तिसरं कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना लागतं ते शाहूवाडीतलं. एका नावाची तीन गावं असली की काय होतं, हे कुरिअरवाल्यांना विचारा.) आले तेव्हा कंद मऊ पडले होते. पुढचे दोन वेळचे व्यवस्थित आले, हिवाळ्यात पानांचे सुंदर पंखे फुटले, फूल एकही नाही. आणि जुलैच्या झडीत काळ्या मातीत सगळे कुजले.

यात माझी चूक अशी की मी फूल पाहिलं, त्याचा देश पाहिला नाही. दाढीवाल्या आयरिसला कळी धरण्याआधी खरी थंडी लागते, आठवड्यांमागून आठवडे. पुढे उन्हाळा कोरडा लागतो, कारण तिचा कंद जमिनीवर अर्धा उघडा पडून ऊन खातो. कृष्णा-कोयनेच्या काठची भारी काळी माती पावसाळ्यात चार महिने ओल धरून ठेवते. भारतात आयरिस रानात उगवते ती हिमालयात. काश्मीरमध्ये ती कबरींवर लावतात. सह्याद्रीत मूळची एकही नाही. कासच्या पठारावर ऑगस्टमध्ये निळं, जांभळं, पिवळं काय काय फुलतं, त्यातसुद्धा आयरिस नाही.

आणि गंमत अशी की मी निळ्या आयरिससाठी पैसे घालवत होते तेव्हा एक आयरिस भिंतीकडेला, कुणी न लावल्यासारखी, दर पावसात फुलत होती. आम्ही तिला वेखंड म्हणत होतो.

*

घरातली चूक ही अडाणीपणाची असेल असं मला आधी वाटलं. शोधायला लागल्यावर कळलं की ही चूक किमान दोन हजार वर्षं जुनी आहे आणि ती करणाऱ्यांत मोठमोठे लोक आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीझ नावाच्या ग्रीक वैद्याने औषधांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला. युरोप आणि अरबी जग पुढे दीड हजार वर्षं तो वापरत होतं. त्यातली अगदी पहिली नोंद आयरिसची आहे आणि दुसरी 'अकोरोन'ची. अकोरोनची पानं आयरिससारखी असतात, असं त्याने तिथेच लिहून ठेवलं. म्हणजे पहिल्या पानावरच दोन्ही कांड्या शेजारी शेजारी. पण अकोरोन म्हणजे आपलं वेखंड, की पाणथळीत उगवणारी एक पिवळी आयरिस, यावर पंडित पुढे शतकानुशतकं भांडत राहिले. युरोपात वेखंडाचं जिवंत रोप तेव्हा फारसं कुणी पाहिलेलंच नव्हतं, वाळलेल्या कांड्या पूर्वेकडून यायच्या. १५७४ मध्ये क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला व्हिएन्नामध्ये ते रोप तुर्कस्तानातून मिळालं, त्याने ते वाढवलं, मित्रांना वाटलं आणि तिथून ते युरोपभर तळ्याकाठी पसरलं. तोवर लोक पिवळ्या आयरिसचीच मुळी वेखंड म्हणून खणत असणार. १७५३ साली लिनियसने सगळ्या वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली, तेव्हा वेखंडाला 'अकोरस कॅलॅमस' म्हटलं आणि त्या पिवळ्या आयरिसला 'आयरिस स्यूडॅकोरस'. स्यूडॅकोरस म्हणजे शब्दशः खोटं वेखंड. शास्त्रीय नावातच चुकीची कबुली.

आपल्याकडे घोळ वेगळा, पण जातकुळी तीच. चरकसंहितेत वचा आहे, तीच आपली वेखंड. 'वचा' हा शब्द बोलण्याशी जोडलेला. मूल लवकर आणि स्पष्ट बोलावं म्हणून वेखंड चाटवायची पद्धत त्यातूनच. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात मात्र एका वचेच्या चार झाल्या. एक साधी वचा. दुसरी पारसीक वचा, म्हणजे इराण-खुरासानकडून येणारी, पांढरी, तिलाच हैमवती म्हटलं आहे. तिसरी कुलिंजन. चौथी 'द्वीपांतर वचा' म्हणजे चोपचिनी. ही चौथी फिरंग रोगावर सांगितली आहे. फिरंगी आले, त्यांच्याबरोबर रोग आला, त्यावरचं समुद्रापलीकडचं औषधही आलं, आणि या सगळ्याला आपल्या ग्रंथकाराने शांतपणे वचेच्या खात्यात जागा करून दिली. मला हे फार आवडतं. नवी वस्तू आली की जुन्या नावापुढे एक विशेषण लावायचं, ही बाजाराची रीत आहे. बटाट्याचं रताळं करत नाही एवढंच.

ती दुसरी, पांढरी, इराणकडची वचा आयरिसची कांडी असावी असं अनेक अभ्यासक मानतात. युनानी हकीम आयरिसच्या मुळीला ईरसा किंवा बेख-ए-सोसन म्हणतात. आणि मराठीत वेखंडाचे दोन भाऊ आहेत. घोडवेखंड आणि बाळवेखंड. उग्र ते घोडवेखंड, म्हणजे अकोरस. सौम्य, पांढरट ते बाळवेखंड, आणि या नावाने आयरिसची मुळी विकली जाते. तेव्हा आयरिस आपल्या घरात व्हॅन गॉगच्या आधी, बाळाच्या वाटीतून आलेली आहे.

याहून चकित करणारी गोष्ट इटलीत सापडली. फ्लॉरेन्सच्या आसपासच्या टेकड्यांवर आयरिस पिकवतात, फुलासाठी नाही, मुळीसाठी. त्या शहराच्या चिन्हावरचं लाल फूलही आयरिसचंच. ताज्या मुळीला काही वास नसतो. सोलून, वाळवून दोन-तीन वर्षं नुसती ठेवली की तिच्यातल्या तेलकट द्रव्यांवर हवेची क्रिया होत जाते, त्यातून आयरोन नावाची रसायनं तयार होतात आणि मुळीला व्हायोलेटच्या फुलांचा वास येतो. आज जगातल्या महागड्या अत्तरांत ही मुळी आहे. पण पूर्वी युरोपात तिचा आणखी एक खप होता. तिच्या गुळगुळीत घासलेल्या कांड्या दात येणाऱ्या बाळांच्या हातात चावायला द्यायचे. जर्मनीत अजूनही कुठे कुठे मिळतात म्हणे. म्हणजे तिकडची आजी आणि इकडची आज्जी, दोघींच्या हातात तीच मुळी, समोर तसंच रडणारं बाळ.

*

हे सगळं मी आज्जीला सांगितलं, तिच्या भाषेत, जमेल तसं. ती फ्लॉरेन्सपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी मी येवढी वर्सं काय उगाळलं?"

आमच्या आज्जीने सहा नातवंडांना गुटी उगाळून दिली आहे. त्यात मी पण. प्रत्येकाला भिंतीकडेच्या त्या कांडीचा एक वेढा. मी हसत म्हणाले, "बघ ना, सहाही जण धडधाकट आहेत." ती हसली नाही. त्या दिवसापासून तिने सहाण काढली नाही आणि माझ्याशी बोलायची ती कामापुरतंच.

मला वाटलं, चूक दाखवली म्हणून राग आला. चार दिवसांनी दुपारी भांडी लावता लावता तिने विचारलं, "ते झाड कवा आलं गं आपल्याकडं?"

मग कळलं. माझ्या वडिलांच्या पाठीवर तिला एक मुलगा झाला होता. तीन महिन्यांचा असताना जुलाब-उलट्या होऊन गेला. ७२ च्या दुष्काळात, सासरी, खटाव तालुक्यात. हे नाव आमच्या घरात कधी कुणी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. त्याला कुणी नाव ठेवलं होतं की नाही हेही मला माहीत नव्हतं. ठेवलं होतं. ते इथे लिहीत नाही. त्या मुलालाही ती गुटी देत होती. आता तिच्या मनात एवढंच होतं की तेव्हा उगाळलेली कांडी याच झाडाची होती का.

कच्च्या आयरिसच्या कांडीने तोंडाची आग होते, मळमळ, उलट्या, जुलाब होतात. हे मी तिला आधीच सांगून बसले होते. मोठ्या हौसेने, इंटरनेटवरचं वाचून.

मी इतिहासात एम. ए. केलं आहे. साधनांची चिकित्सा, अस्सल कागद, मोडी, शकावली असं सगळं शिकले आहे. त्यातलं काही कधी घरात लागेल असं वाटलं नव्हतं. त्या दुपारी आम्ही दोघी कपाटासमोर बसलो आणि एका झाडाची तारीख काढायला लागलो.

आज्जीचं कॅलेंडर वेगळं आहे. लगीन भूकंपाच्या साली, म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. वडील त्यानंतर दुसऱ्या वर्षी. धाकटा दुष्काळात. दुष्काळातच ती डोक्यावर पाटी घेऊन खडीच्या कामावर जात होती, तिथे मिळालेली सुकडी घरी आणायची. आजोबा एसटीत चालक म्हणून कऱ्हाड डेपोला लागले ते त्याच्यानंतर. काही वर्षं भाड्याच्या खोलीत. मग ही मलकापूरची जागा. झाड कुणी दिलं हे तिला पक्कं आठवत होतं. नणंदेने, कोरेगावहून, डालड्याच्या डब्यात लावून, वास्तुशांतीला. "येखंड हाय, पोराबाळांच्या घरात आसूदे," असं म्हणून.

म्हणजे वास्तुशांत कधी झाली ते काढायचं. खरेदीखत सापडलं, १९८३ चं. वास्तुशांतीचा एक फोटो सापडला. ओट्यावर सगळे ओळीने उभे, कडेला आत्याआज्जी, तिच्या पायाशी एक डबा आणि त्यातून वर आलेली पंख्यासारखी पानं. फोटो उलटा केला तर मागे स्टुडिओचा शिक्का आणि पेनाने घातलेली तारीख, मे १९८४.

"बारा वर्सं नंतर," आज्जी म्हणाली. बोटांवर परत मोजलं. "बारा."

ती बराच वेळ फोटो हातात घेऊन बसली. मला वाटलं, झालं. पण ती आमची आज्जी. तिने पुढचा प्रश्न विचारला, जो कुठल्याही चांगल्या संशोधकाने विचारला असता. "मग तवा दुकानातनं आनलेलं तरी येखंडच व्हतं कशावरनं?"

याला माझ्याकडे कागद नव्हता. मी तिला पाण्याबद्दल सांगितलं. दुष्काळात गावाला कसलं पाणी मिळत होतं, हे तिनेच मला अनेकदा सांगितलेलं. तिला हेही सांगितलं की त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, बंगालच्या सरहद्दीवर बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाण्याचं मिश्रण पिंपांतून वाटून जुलाब-उलट्यांच्या साथीत असंख्य माणसं वाचवली होती. चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर. खटावला ते पोचायला अजून वेळ होता.

"साखर कुठं व्हती तवा," ती म्हणाली.

*

खोटं वेखंड आता खोटं ठरलं होतं, तर मग ते खरं काय आहे, हे तरी नीट कळावं म्हणून मी शोधत राहिले. आणि या झाडाची स्वतःची कथा निघाली ती आमच्या घरापेक्षा गोंधळाची.

हे मूळचं पूर्व आशियातलं, चीन-जपानपासून हिमालयापर्यंतचं. चिनी वैद्यकात त्याची मुळी घशाच्या दुखण्यावर हजारो वर्षं वापरात आहे, प्रक्रिया करून, मोजून, आणि गरोदर बाईला वर्ज्य. सतराव्या शतकात ते केरळात होतं. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक फान रेडे याने मलबारच्या झाडांचा एक प्रचंड ग्रंथ करवून घेतला, 'हॉर्टस मलबारिकस', बारा खंड, ॲम्स्टरडॅम, १६७८ ते १६९३. त्याच्या अकराव्या खंडात हे फूल आहे, तिथल्या मल्याळी नावाने, 'बेलमकंद शूलरमणी'. त्यातला 'मणी' मला लगेच ओळखीचा वाटला. या झाडाचं बोंड फुटलं की आत काळे चकचकीत मणी ओळीने चिकटलेले दिसतात. लहानपणी मी त्यांचं मंगळसूत्र करायचे.

रेडेच्या ग्रंथात मराठी वाचणाराला थांबायला लावणारी एक गोष्ट आहे. त्याला माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता आणि तीन कोकणी भट होते. रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट. या तिघांनी दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत, त्यांच्याच कोकणी भाषेत छापलं आहे, आणि चित्रांवर झाडांची नावं मल्याळी आणि अरबी लिपीबरोबर नागरीतही आहेत. शिवाजी महाराज हयात असताना ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात आपली लिपी तांब्याच्या पत्र्यावर कोरली जात होती. नागरी अक्षरांच्या सगळ्यात जुन्या छापील नमुन्यांपैकी हा एक. हे पुस्तक लॅटिनमध्ये होतं म्हणून तीनशे वर्षं इथल्या कुणाला सहज वाचता आलं नाही. कालिकतचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली काही दशकं घालवून त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००३ मध्ये निघाला. एवढं काम एका माणसाने केलं आणि आपल्याकडे त्याचं नाव किती जणांना माहीत आहे?

पुढे लिनियस. १७५३ च्या त्याच पुस्तकात, जिथे त्याने वेखंड आणि खोटं वेखंड वेगळं केलं, तिथे या बिचाऱ्या झाडाचं त्याने दोनदा बारसं केलं. एकदा 'इक्सिया कायनेन्सिस', चीनची इक्सिया. आणि दुसऱ्यांदा, जपानला जाऊन आलेल्या एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याच्या पुस्तकावरून, ते ऑर्किड आहे असं समजून, 'एपिडेंड्रम डोमेस्टिकम'. दोन्ही एकच झाड आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. दहा वर्षांनी आदांसॉं या फ्रेंच शास्त्रज्ञाने रेडेच्या ग्रंथातला मल्याळी शब्द उचलून त्याचं वेगळं कुळच केलं, 'बेलमकंदा'. त्या नावाने ते अडीचशे वर्षं जगभर फिरलं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनने १८०७ मध्ये आपल्या माँटिसेलोच्या बागेत त्याचं बी पेरलं, ते तिथे रानात पसरलं.

मग डीएनएचा जमाना आला. २००१ च्या सुमारास कळलं की बेलमकंदा वेगळं काही नाही, आयरिसच्याच घरातलं आहे. २००५ मध्ये गोल्डब्लॅट आणि मॅबर्ली यांनी ते आयरिसमध्ये घातलं. नाव देताना नियमाप्रमाणे मागे जाऊन लिनियसने ऑर्किड समजून दिलेला शब्द उचलला. आयरिस डोमेस्टिका. घरची आयरिस.

याच डीएनएच्या हिशोबात वेखंडाचीही जागा ठरली, आणि ती मी आज्जीला दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नव्हता. एकदल वनस्पतींच्या सगळ्या गोतावळ्यात वेखंड पहिल्यांदा फुटून निघालेलं. बाकी सगळे एका बाजूला, वेखंड एकटं दुसऱ्या बाजूला. म्हणजे आयरिसचं नातं वेखंडाशी जेवढं आहे त्याहून जवळचं कांद्याशी आहे, उसाशी आहे, नारळाशी आहे, ज्वारीशी आहे. पानं सारखी, कांडी सारखी, नातं नाही.

"आपल्या भावकीगत," आज्जी म्हणाली. त्यावर मी काही बोलले नाही.

*

लावायचं असेल तर सांगते, कारण हे लिहायला घेतल्यापासून तीन मैत्रिणींनी बी मागितलं आहे. घरच्या आयरिसला ऊन द्या आणि पाणी साठू देऊ नका, बाकी ती बघून घेते. काळ्या मातीत लावायची तर वाफा वीतभर उंच करा, वाळू किंवा चुरीची खडी मिसळा. कांडी वरवर लावा, खोल पुरू नका. दर तीन-चार वर्षांनी गड्डा खणून वेगळा करा, नाहीतर मधलं फुलत नाही. बी ताजं पेरलं तर उगवतं, जुनं फार वाट बघायला लावतं. बियांच्या रोपाला बहुधा दुसऱ्या पावसात फूल. एक फूल एकच दिवस टिकतं. संध्याकाळी पाकळ्या पिळलेल्या फडक्यासारख्या गुंडाळतात, आणि दुसऱ्या दिवशी शेजारची कळी उघडते. दांडा कमरेएवढा होतो, वाऱ्याला काठी लावावी लागते.

खरं वेखंड याच्या अगदी उलट. त्याला चिखल हवा, पाय सतत ओले. इथेच खरं तर आम्हाला आधी शंका यायला हवी होती. भिंतीच्या कोरड्या बाजूला, पन्हाळीच्या मुरमात, चाळीस उन्हाळे वेखंड जगलंच नसतं. मलकापूरची चोवीस तास पाण्याची योजना देशभर गाजली, पण त्या पाण्याला मीटर आहे आणि आज्जी मीटरकडे बघून झाडांना पाणी घालते.

बाळाला गुटी दिली नाही. डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, असं सांगितलं होतं आणि वहिनीने ते पाळलं. वेखंडातही बीटा-असारोन नावाचं द्रव्य आहे, भारतीय वेखंडाच्या तेलात बरंच, आणि त्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. तेव्हा 'खरं' म्हणजे निर्धोक असंही नाही. हे मात्र मी आज्जीला सांगितलं नाही. तिने अंघोळीनंतर बाळाच्या टाळूला चिमूटभर वेखंडाची पूड लावली, तीही आता बंद झालेली आहे, पण त्याचं भांडण वहिनीशी झालं, माझ्याशी नाही.

मी कऱ्हाडच्या एका रोपवाटिकेतून वेखंडाचं रोप आणलं. विकत घेण्याआधी पान चुरगाळून वास घेतला, मालक बघत राहिला. ते आता जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीत, नळाखाली, चिखलात आहे. आज्जी त्याला "नवं येखंड" म्हणते.

भिंतीकडेच्या झाडाला ऑक्टोबरात बोंडं आली. फुटायच्या आत आज्जीने ती स्वतः काढली, सुपात पसरली, आणि मणी निवडून घेतले. थोडे तिने जुन्या मार्गारीनच्या डबीत भरून ठेवले. बाकीचे एका दुपारी मला हाक मारून परसात नेलं आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीतभर अंतराने, बोटाने भोक पाडत पेरायला लावले.

"किती पेरायचे?"

"आसतील तेवढं पेर."